अक्कांची दुपार

अक्कांनी त्या दुपारी एसी परत लावला होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि मी ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कोण अक्का, कुठला एसी, ते सांगतोच. पण हे वाक्य आधी कागदावर ठेवून दिलं. मी असा माणूस आहे की पुढे सांगू म्हटलं की ते पुढेच जात राहतं.

बाजारात अवरे आलेत. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुटपाथभर हिरवे ढीग, ढिगामागे बायका, त्यांच्या डोक्यावर लोकरीचे स्कार्फ, पायाखाली सालांचा निसरडा थर. आमच्या बेळगावकडे पावटा म्हणतात त्याच्या कुळातलीच ही शेंग, पण इथली माणसं तिच्यासाठी थंडीची वाट बघतात. शेंगेला एक उग्र, तेलकट, हिरवा वास असतो. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. हा वास ज्याला आवडला तो बेंगळुरूचा झाला, असं अक्का म्हणायच्या. मला तो आवडायचा. आता डिसेंबर आला की मी त्या रस्त्याने जात नाही, संपिगे रोडवरून वळसा घालतो. बायको म्हणते, "एवढं काय वाकडं आहे तुमचं त्या शेंगांशी?" मी म्हणतो, गर्दी असते. यंदा वळसा चुकला. ऑटोवाल्याने आपल्या मनानेच गाडी तिकडून घातली, सिग्नलला थांबला, आणि तो वास दोन्ही बाजूंनी आत येऊन माझ्या शेजारी बसला.

तो हिवाळा असाच होता. पहाटे धुकं, दहा वाजता कडक ऊन, संध्याकाळी पुन्हा गारठा. मी नोकरी सोडली होती आणि अक्कांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. अक्कांचं नाव सुलोचना; पण वाण्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे अक्काच म्हणत. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा श्रीधर शिकायला मंगळुरूला. त्यांचं घराणं इथे कधी आलं ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. "आमचे लोक घोड्यावर बसून आले म्हणतात," त्या सांगायच्या, "आता बघ, मी बसचा पास काढते." त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलेलं की कुठलं कुठे संपतं कळायचं नाही. मी त्यांच्या बोलण्याला हसायचो, त्या माझ्या. "तुझं मराठी पुस्तकातलं आहे रे वसंता, वास येत नाही त्याला."

माझा धंदा तेव्हा एका टेबलावर मावायचा. छोटे छोटे कंप्युटर बोर्ड, पत्त्यांच्या कॅटाएवढे. त्यांच्यावर लिनक्स नावाची, त्यांना चालवणारी प्रणाली चढवायची आणि ज्याला जे काम हवं तेवढंच करणारी पेटी बनवून द्यायची. कुणाला टाकीतलं पाणी मोजायचं असतं, कुणाला गोदामाचं दार. अक्का एकदा चहा घेऊन वर आल्या आणि बोर्डाकडे वाकून बघत राहिल्या.

"हे काय रे, बिस्किटाएवढं?"

"कंप्युटर आहे अक्का."

"मग त्याचा टीव्ही कुठाय?"

"याला लागत नाही. हा नुसता विचार करतो."

"तोंड नाही, नुसतं डोकं," अक्का म्हणाल्या. "आमच्या लॅबच्या मालकाच्या बरोबर उलटं की."

त्यांच्या हसण्याने बशीतला चहा सांडला होता, एवढं आठवतं.

हे काम मी का करत राहिलो, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. नव्या बोर्डात पहिलं मेमरी कार्ड घालावं, वायर जोडावी, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागाव्यात. कुठला भाग जागा झाला, कुठला सापडला नाही, कुणाची वाट बघतोय, सगळं ते यंत्र पुटपुटत सांगत असतं. झोपेतून उठलेलं माणूस चाचपडत चष्मा शोधतं तसं. मग आपण एकेक गोष्ट काढून टाकायची. याला आवाज नको, चित्र नको, छपाई नको. घर लावण्याच्या उलट काम. शेवटी जेवढ्यावर त्याचं भागतं तेवढंच उरतं, आणि मग ते बंद पडत नाही, वर्षानुवर्षं. निदान मला तसं वाटायचं.

या बोर्डांची एक खोड अशी की त्यांना वेळ कळत नाही. आपल्या मनगटावरच्या घड्याळात सेल असतो, तसा यांच्यात नसतो. वेगळा बसवावा लागतो. सेल नसेल तर वीज गेली की त्यांचा काळ थांबतो. पुन्हा जागं झालं की बोर्ड पहिल्यांदा समजतो की एकोणीसशे सत्तर सालचा पहिला दिवस आहे. मग तो इंटरनेटवर विचारतो, किती वाजले? उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर? त्यासाठी एक तोडगा असतो. बंद पडण्याआधीची शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवायची आणि उठल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागायचं, जणू मध्ये काही घडलंच नाही. सत्तर सालापेक्षा हे बरं. सेल मागवलेले होते, यायला उशीर होत होता, म्हणून मी तो तोडगा लावला. तात्पुरता. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून जे लावतात त्याला सगळ्यांत दीर्घ आयुष्य असतं.

यशवंतपूरच्या पलीकडे एक लॅब होती, रोपं बनवणारी. अक्का तिथे रोपांच्या खोलीच्या प्रमुख होत्या. त्यांनी मला एकदा आत नेलं. चप्पल बाहेर, पाय धुवायचे, डोक्याला टोपी. आत रॅकवर रॅक, प्रत्येक फळीवर पांढरे दिवे, दिव्यांखाली काचेच्या बाटल्या आणि बाटल्यांत जेलीवर उभी केळीची रोपं, नखाएवढी. हजारो. कसलाही आवाज नाही, फक्त एसीची घरघर. "इथे मोठ्याने बोलू नको," अक्का कुजबुजल्या. मी विचारलं, रोपांना ऐकू येतं? "नाही रे, मला आवडत नाही."

तिथे दिव्यांची उष्णता एवढी असते की एसी बंद पडला तर काही तासांत खोली भट्टी होते. आणि तो एसी जुना. वीज गेली-आली, जनरेटरवर गेला, परत आला, की दिवे आपोआप लागायचे, एसी नाही. त्याचं बटण जाऊन दाबावं लागायचं. "त्याला हात धरून उठवायला पाहिजे, थेट माझ्या सासऱ्यांसारखा," अक्का म्हणायच्या. मालकाला खोलीचं तापमान टिपणारी पेटी हवी होती. अक्कांनी माझं नाव सांगितलं. "आमच्या घरचाच मुलगा आहे," असं सांगितलं. माझ्या धंद्याचं ते पहिलं मोठं काम. ही पेटी नीट चालली तर बाकीच्या खोल्या, आणि मालकाच्या ओळखीतल्या आणखी लॅब.

आता ती दुपार.

अक्कांची पाळी चालू असताना वीज गेली. जनरेटर लागला, दिवे आले, अक्कांनी आत जाऊन एसी उठवला. माझ्या पेटीचा प्लग मात्र जनरेटरच्या लाइनवर नव्हता, ती झोपली. पाळी संपली, अक्का घरी आल्या. रात्र पडताना वीज परत आली, जनरेटर बंद झाला, दिवे लागले, एसी तसाच राहिला. दुसऱ्या पाळीला मंजुळा नावाची नवी बाई होती, शेजारच्या खोलीत काम करणारी. एसी हाताने उठवायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नेमकी त्याच वेळी माझी पेटी जागी झाली. इंटरनेट अजून आलेलं नव्हतं, म्हणून धोक्याचा निरोपही गेला नाही, आणि वेळ विचारायलाही कुणी नव्हतं. पेटीने आपली शेवटची आठवण धरली. दुपार. खोली रात्रभर तापत गेली आणि माझी पेटी इमानदारीने दुपार लिहीत गेली.

सकाळी बाटल्यांमधली रोपं मान टाकून होती. काही पाण्यासारखी पारदर्शक झालेली. अक्का त्या रॅकसमोर नुसत्या उभ्या होत्या असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

मालकाने मला बोलावून घेतलं. पेटीतलं सगळं स्क्रीनवर काढून दाखव म्हणाला. मी काढलं. रेष स्पष्ट होती. दुपारी वीज गेली तिथपासून तापमान चढत गेलेलं. मालक कन्नडमध्ये, शांतपणे बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नोडी, बघा अक्का. लाइट गेली, जनरेटर आला, तुम्ही एसी लावायला विसरलात. होतं असं."

"लावला होता हो," अक्का म्हणाल्या. "जाताना दार उघडून बघितलं. थंड होतं आत. माझ्या हाताला अजून ते दार थंड लागतंय."

"पेटी काय म्हणते बघा."

अक्का पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावून ती रेष बघितली. मग माझ्याकडे बघितलं. नुसतं विचारल्यासारखं, वसंता, असं आहे का रे?

मला तेव्हाच दिसलं होतं. रेषेत पुढे, मध्यरात्रीच्या जवळपास, वेळ एकदम उडी मारून सकाळवर गेली होती. म्हणजे सकाळी इंटरनेट आलं आणि पेटीने आपली चूक मुकाट्याने सुधारून घेतली. ती उडी मी एका नजरेत वाचली. मालकाला वाटलं, मध्ये पेटी बंद पडली असेल. कुणी मला विचारलं नाही. मी तोंड उघडलंही होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "याच्यासाठीच तर घेतली मी पेटी. माणूस काहीही म्हणेल, पेटी खोटं बोलणार नाही. बाकीच्या खोल्यांचं काम कधी सुरू करतोस?"

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात."

एवढंच. या दोन शब्दांपलीकडे मी काही केलेलं नाही. खोटं म्हणावं असं एक वाक्यही माझ्या तोंडून त्या दिवशी गेलं नाही. पुष्कळ वर्षं मी हे स्वतःला सांगत आलो. मंजुळाचंही कारण मी पुढे करायचो, खरं सांगितलं असतं तर तिच्यावर आलं असतं, तिची पोरं लहान. पण मंजुळावर कशाला आलं असतं? तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. आलं असतं ते माझ्या पेटीवर. मंजुळाच्या पोरांची काळजी मला त्या दिवसानंतरच वाटायला लागली.

त्या संध्याकाळी अक्कांनी भिजवलेले अवरे घेतले होते. सोललेले दाणे रात्रभर पाण्यात ठेवायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. इकडे त्याला हितकिद बेळे म्हणतात. एकट्याने करायचं काम नाही ते, घरातल्या सगळ्यांनी पातेल्याभोवती बसायचं. मी रोज बसायचो, तसा बसलो. एरवी कुणाचा दाणा पातेल्याबाहेर गेला की त्याने गाणं म्हणायचं, असा अक्कांचा नियम होता. त्या दिवशी दाणे बाहेर गेले, कुणी गाणं म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, "मला नीट याद आहे की रे. बटण दाबलं. कट्ट असा आवाज झाला." मग थोड्या वेळाने, "की ते आदल्या दिवशीचं? आदल्या दिवशीही लाइट गेली होती." मग सालं गोळा करत, "पेटी खोटं कशाला बोलेल? तिला काय पडलंय? माझंच स्वल्प चुकलं असणार."

हे मी ऐकत होतो. त्यांची बाजू त्याच मांडत होत्या आणि त्याच हरत होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अक्का, तो आवाज त्याच दुपारचा. माझ्या चिमटीत दाणा होता. मी तो दाबला, आणि दुसरा घेतला.

लोक म्हणतात यंत्र खोटं बोलत नाही. मी आयुष्यभर यंत्रांत राहिलो, मला विचारा. यंत्राला खरं-खोटं कशाचंच काही नसतं. त्याला जे शेवटचं माहीत असतं ते ते ठामपणे सांगतं, अडखळत नाही, आणि माणसाची तर गंमत अशी की खरं आठवत असलं तरी तो अडखळतो. ठाम कोण बोलतंय एवढंच आपण बघतो. अक्का अडखळल्या. पेटी अडखळली नाही.

त्यांना कुणी काढलं नाही. मालक तसा वाईट माणूस नव्हता. रोपांच्या खोलीऐवजी बाटल्या धुण्याच्या विभागात बसा म्हणाला. अक्काच म्हणाल्या, नको, मी थांबते आता. "उद्या मी आणखी काय विसरेन, कोण सांगावं?" शेवटच्या आठवड्यात त्या किल्ल्या समजावून द्यायला येत होत्या आणि मी नेमका तेव्हाच तिथे होतो. सेल आले होते. मी स्टुलावर चढून भिंतीवरची पेटी उघडून त्यात सेल बसवत होतो. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय बसवतोस रे?"

"सेल आहे अक्का. घड्याळाचा."

"आधी नव्हता?"

त्या सहज विचारत होत्या. त्यांना त्यातलं काही कळणार नव्हतं, आणि तरीही त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं. असं दार माझ्यासमोर पुन्हा कधी उघडलं नाही. मी स्टुलावर होतो, त्या खाली उभ्या. मी म्हटलं, "होता. हा जास्त चांगला आहे."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "चांगलंच बसव."

म्हणजे खोटं मी बोललोच. पहिल्या दिवशी नाही बोललो, एवढाच फरक.

नंतरच्या गोष्टी हळूहळू झाल्या, म्हणून कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. अक्का फाटकापर्यंत जाऊन परत यायला लागल्या, गॅस बघायला. मग कुलूप बघायला. मग त्यांनी साक्षीदार ठेवायला सुरुवात केली. दार लावताना शेजारणीला हाक मारायच्या, "कमला, बघितलंस ना गं? लावलं ना मी?" कमला म्हणायची, "लावलं हो अक्का." "नुसतं म्हणू नको, बघ." मलाही वरून खाली बोलवायच्या. मी येऊन गॅसचं बटण बघायचो. ते नेहमी बंदच असायचं. एकदाही, मी शपथेवर सांगतो, एकदाही ते उघडं राहिलेलं मी पाहिलं नाही. मी म्हणायचो, "बंद आहे अक्का." त्या म्हणायच्या, "तू म्हणतोस म्हणून." ज्याच्यामुळे त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला, त्याच्याच शब्दावर त्या रात्री झोपायच्या.

पुढच्या वर्षी मी खोली सोडली. काम वाढलं होतं, यशवंतपूरला शेड घेतली, लग्न झालं. जाण्यायेण्याला लांब पडतं, असं मी अक्कांना सांगितलं. मल्लेश्वरम ते यशवंतपूर लांब! संक्रांतीला मात्र मी एळ्ळु-बेल्ला घेऊन दर वर्षी जातो. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. इथे म्हणतात, हे खा आणि चांगलं बोला. मी देतो, खातो, आणि काही बोलत नाही.

धंदा बरा चालला. बोर्ड बदलले, लहान झाले, वेगवान झाले. माझ्या शेडमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेटीत सेल असतो, गिऱ्हाईक नको म्हणाला तरी. एसी ज्या लाइनवर त्याच लाइनवर पेटी. आणि वेळेची खात्री नसेल तर पेटीने तसं लिहायचं: वेळ नक्की नाही. हे एक वाक्य तिला शिकवायला फार काही करावं लागत नाही, एका दुपारचं काम. माझ्याकडची माणसं हसतात, सर फार घाबरट आहेत म्हणतात. याला मी प्रायश्चित्त म्हणत नाही. ज्यांचं नुकसान केलं त्या सोडून बाकी सगळ्यांची काळजी घेणं, याला प्रायश्चित्त कसं म्हणू?

आणि यंदा श्रीधरचा फोन आला. तो आता मारतहळ्ळीला असतो, चौदाव्या मजल्यावर. चांगला मुलगा आहे, आईला जपणारा.

"वसंतकाका, आईला इकडे आणतोय. संक्रांत झाली की घर भाड्याने देऊन टाकतो."

"त्या तयार आहेत?"

"मनातून नाही. पण तीच म्हणते, माझा भरवसा नाही. दिवसातून दहा वेळा गॅस बघते. एकटी कशी ठेवू?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हणतात वयाच्या मानाने डोकं उत्तम आहे. पण त्यांना काय माहीत? तुम्हाला तर ठाऊकच आहे ना, लॅबच्या त्या प्रकरणापासूनच तिचं हे विसरणं सुरू झालंय. तुमच्याच मशीनमध्ये तर आलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, "हं."

फोन ठेवल्यावर तो हुंकार माझ्या तोंडात बराच वेळ राहिला, कडू औषधासारखा. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एकदाच गप्प बसलो आणि ते मागे पडलं. ते मागे पडलेलं नव्हतं. माझ्या पेटीने लिहिलेली ती दुपार अजून खरी धरली जात होती, आणि तिच्या आधारावर एका बाईचं घर बंद व्हायचं होतं.

रविवारी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. अक्का ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, पुढ्यात पातेलं. केस सगळे पांढरे, हात तेच. मला बघून सरकल्या, जागा केली.

"ये. बस. यंदा दाणा मोठा आहे."

मी बसलो. इतक्या वर्षांनी तो गार, गुळगुळीत दाणा चिमटीत घेतला. पहिलाच उडून जास्वंदीच्या कुंडीत गेला.

"गाणं म्हण," अक्का म्हणाल्या.

त्यांना सगळं आठवत होतं. मी पहिल्या वर्षी किती सालं डाळीत सोडायचो, ते आठवत होतं. माझ्या आईला सांधेदुखी होती, ते. त्यांनी दिलेली खोलीची किल्ली मी दोनदा हरवली, ते. कुठल्या वर्षी अवरे उशिरा आले आणि कुठल्या वर्षी पावसाने गेले, तेही. समोरच्या घराचं रंगकाम चाललं होतं, तर म्हणाल्या, याआधी या भिंतीला पिस्ता रंग होता, त्याआधी पांढरा, त्याआधी चुना. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला विसराळू कोण म्हणतं?

मग त्या आपणहूनच म्हणाल्या, "श्रीधर नेतोय मला. बरोबरच आहे त्याचं. तिथे माती नाही म्हणे, कुंड्या ठेवता येतात बाल्कनीत. पण हा बाजार?" आणि एक दाणा दाबून, "काय करणार बा. आपला आपल्यावर विश्वास नसला की दुसऱ्याच्या घरी राहावं."

मी म्हटलं, "अक्का..."

"काय रे?"

समोरून कमला आली, हातात कढीपत्ता. तिचं आणि अक्कांचं कन्नडमध्ये काही सुरू झालं, कुणाच्या तरी नातीचं. मी उठलो. अक्का फाटकापर्यंत आल्या, वळून दाराकडे बघितलं, मग मला म्हणाल्या, "वसंता, गॅस बघून ये रे. मी बंद केलाय असं वाटतं."

आत जाऊन बघितलं. बंद होता. बाहेर येऊन सांगितलं.

आता हे लिहायला बसलोय. लिहून मोकळं व्हावं असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. लिहिणं आणि सांगणं एक नव्हे. अक्का मराठी वाचतात, चष्म्याने सावकाश, अक्षर न् अक्षर. पण त्यांना हे छापून आलेलं वाचून कळावं, एवढी निलाजरी सुटका मला नको. माफीचंही मनात नाही. त्या माफ करतील, लगेच करतील, आणि माझ्या ताटात काहीतरी वाढतील. त्याचीच मला भीती वाटते. त्यांना द्यायची ती वस्तू वेगळी आहे, आणि ती त्यांचीच आहे.

संक्रांत अजून यायची आहे. श्रीधरला मी अजून फोन केलेला नाही. अक्कांसमोर बसून, श्रीधर ऐकत असताना, मला सांगायचं आहे की अक्का, त्या दुपारी तुम्ही बटण दाबलं होतं, दार खरंच थंड होतं, चूक माझ्या पेटीची होती आणि मला ती त्याच दिवशी कळली होती. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि आजपर्यंत दिलेलं नाही.